लांब दांड्यांची खुर्ची

मनुष्य हा उचलला जाणारा प्राणी आहे. जन्मल्याबरोबर त्याला कोणीतरी उचलते आणि अखेरीस चौघे मिळून उचलतात. दोन्ही प्रसंगी त्याची संमती विचारण्याची पद्धत नाही. मधल्या काळात त्याने स्वतःच्या पायांनी चालावे एवढीच समाजाची माफक अपेक्षा असते. ज्यांना ती पुरी करता येत नाही त्यांचा प्रश्न शासनाच्या अखत्यारीत जातो. शासन तो जिल्ह्याकडे पाठवते, जिल्हा तालुक्याकडे, तालुका गावाकडे. गाव हे सगळ्या उतारांचे शेवटचे ठिकाण असल्यामुळे तेथे पाणी साचते, तसेच प्रश्नही साचतात, आणि कालांतराने दोन्हींवर सारख्याच शेवाळाचा हिरवा, मखमली थर येतो.

सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात असेच एक परिपत्रक उताराने घरंगळत आमच्या गावी येऊन थांबले. (गावाचे नाव येथे दिलेले नाही. आमच्या गावाला प्रसिद्धीची हाव नाही. द्यायचेच झाले तर सरपंचांच्या छायाचित्रासह द्यावे, एवढेच म्हणणे आहे. बोरीहून जिंतूरकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो. तेथे उतरावे आणि जिकडे चिखल अधिक असेल तिकडे चालत राहावे.) परिपत्रकात तीन गोष्टी होत्या. गावातील अपंग बांधवांच्या साहाय्यासाठी लोकसहभागातून सेवा उभी करावी. तीत समाजाच्या सर्व घटकांना सामावून घ्यावे. आणि उत्कृष्ट काम करणाऱ्या गावाचा जिल्ह्याच्या ठिकाणी गौरव करण्यात यावा. दिनकरराव गुरुजी हे मोठ्याने वाचत असताना पहिल्या दोन गोष्टींपर्यंत सरपंच दत्तरावांचे डोळे मिटलेले होते. तिसरीला ते उघडले.

"गौरव म्हंजी कुठं?"

"परभणीला. मंडपात," गुरुजी म्हणाले.

"मग करा की समिती. आपल्या गावात मानुसकीला काय तोटा हाय?"

तोटा नव्हता. त्याच बैठकीत समिती झाली. अध्यक्ष अर्थातच दत्तराव. गुरुजी सातवीला विज्ञान शिकवत असल्यामुळे ते तांत्रिक सल्लागार झाले. चिटणीसपद माझ्याकडे आले, कारण बी.ए. होऊनही गावातच राहिलेला माणूस मी एकटाच होतो, आणि अशा माणसाला काहीतरी लिहायला दिलेले बरे, असे सर्वांचे मत पडले. सेवेचे नाव 'खांदा सेवा' असे ठरले. तिचे स्वरूप साधे होते: नोंदणी झालेल्या अपंग व्यक्तीस जेथे जायचे असेल तेथे चार खांदेकऱ्यांनी उचलून न्यायचे.

अपंगांची गणना एका दुपारीत उरकली. चार निघाले.

क्रमांक एक, सरपंचांचे वडील आबासाहेब. त्यांचे दोन्ही पाय शाबूत आहेत. परंतु त्या पायांवर जे शरीर ठेवलेले आहे त्याचा विचार करता पायांनी किती सोसावे यालाही मर्यादा असते. क्रमांक दोन, मुंजाजी. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि डोळा हाही शरीराचाच अवयव असल्याने त्यांना उचलणे क्रमप्राप्त ठरले. क्रमांक तीन, बायनाबाई. ही म्हातारी ठार बहिरी. तिला उचलले की ती "आरं मला पाय हायत की, ठिवा खाली," असे म्हणत असे. परंतु ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आपण स्वतः काय बोलतो हेही नीट ऐकू येत नसल्यामुळे त्यांच्या बोलण्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये, असा तांत्रिक सल्ला मिळाला.

क्रमांक चार, सूर्यभान. वय चोवीस, मॅट्रिक पास, लहानपणीच्या तापात दोन्ही पाय गेलेले, राहणार गावाच्या उगवतीकडचा बौद्धवाडा. चौघांपैकी ज्याला खरोखरच चालता येत नव्हते असा हा एकटा. त्यामुळे त्याचे प्रकरण साहजिकच गुंतागुंतीचे ठरले.

पहिल्या चार महिन्यांत सेवेने जी झेप घेतली तिची आकडेवारी बोलकी आहे. पहिल्या तीन लाभार्थींना मिळून दोनशेहून अधिक वेळा उचलण्यात आले. आबासाहेबांना पोखर्णीच्या नरसिंहाचे दर्शन दोनदा घडले. बस येईपर्यंत खांदेकऱ्यांनी त्यांना फाट्यावर धरून ठेवले होते. मुंजाजींना स्वतःच्याच शेतात नेऊन परत आणण्यात आले. क्रमांक चारपुढे 'विचाराधीन' असा शेरा होता. विचाराधीन याचा अर्थ नकार, असा काही लोक करतात. तो चूक आहे. नकारात एक प्रकारचा उद्धटपणा असतो, आणि तो आमच्या गावाच्या स्वभावात नाही.

उन्हाळ्यात अडचण पाण्याची होती. क्रमांक चारला उचलल्यावर चारही खांदेकऱ्यांना घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करणे आणि अंगावरचे कपडे भिजवणे आवश्यक वाटत होते. (का, हे कोणी विचारले नाही. आंघोळ ही चांगलीच सवय आहे.) विहिरीने तळ गाठलेला असताना एवढ्या पाण्याचा अपव्यय समितीला प्रशस्त वाटेना. या संपूर्ण चर्चेत जातीचा उल्लेख एकदाही झाला नाही, हे मी चिटणीस या नात्याने अभिमानाने नमूद करतो. आमच्या गावात आता जात उरलेली नाही. विहिरी तेवढ्या दोन आहेत, पण ती जुनी सोय आहे. पुढे पावसाळा आला, विहिरी भरल्या, तेव्हा पाण्याची अडचण दूर झाली आणि तिची जागा चिखलाने घेतली.

दरम्यानच्या काळात सूर्यभान जायचा तेथे जातच होता. गावाबाहेरून, नाल्याच्या काठाने, बौद्धवाड्यापासून फाट्यापर्यंत एक सरळ पाऊलवाट जाते. त्या वाटेने त्याची आई सरजाबाई त्याला पाठुंगळी घेऊन नेत असे. तिला झेपेना तेव्हा वाड्यातली पोरे त्याला बाजेवर घालून नेत. ही व्यवस्था कित्येक वर्षे बिनबोभाट चालली होती. परंतु तिला ना अध्यक्ष होता ना तांत्रिक सल्लागार, त्यामुळे तिची दखल घेणे समितीला शक्य नव्हते.

भाद्रपदात दोन पत्रे गावात आली. पहिले सूर्यभानला आले. जिंतूरच्या एका कचेरीत लिपिकाची एक जागा अपंगांसाठी राखून ठेवली होती आणि तिच्यासाठी त्याला मुलाखतीला बोलावले होते. सोमवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. उशिरा येणाऱ्या उमेदवाराचा विचार केला जाणार नाही. फाट्यावरून सकाळी आठची बस गाठली तर हे सहज जमण्यासारखे होते. त्यानंतरची बस दुपारची. सरजाबाई नागपंचमीच्या सुमारास ओल्यात घसरून पडली होती आणि तिचे मनगट अजून फडक्यात बांधलेले होते. पण वाड्यातल्या पोरांनी बाज काढून ठेवली होती. चोवीस वर्षांत त्या घरी कोणी 'समक्ष हजर राहा' असे कळवलेले नव्हते. सरजाबाईने शनिवारी सूर्यभानचा पांढरा सदरा धुतला, आणि रविवारी, तो मळलेला नसतानाही, पुन्हा धुतला.

दुसरे पत्र समितीला आले. खांदा सेवेची पाहणी करण्यासाठी तालुक्याहून साहेब सोमवारी सकाळी येणार होते. सर्व समाजघटकांना सामावून घेतले आहे याची खात्री करण्यासाठी क्रमांक चारची सेवा आपण प्रत्यक्ष पाहू इच्छितो, असे त्यांनी लिहिले होते.

दत्तराव स्वतः बौद्धवाड्याकडे गेले. (वाड्यात नव्हे, वाड्याच्या अलीकडे लिंबाचे झाड आहे, तेथवर. तेथून सर्व काही व्यवस्थित ऐकू जाते.)

"सरजे, पोराला सोमवारी जिंतूरला जायचं म्हनं?"

"व्हय मालक. आमची पोरं नेतेत फाट्यावर, बाजंवर घालून."

"तुमची पोरं कामून? गावानं सेवा काढली ती कुनासाठी?"

सरजाबाईने मनगटाचे फडके सारखे केले. "मालक, सेवा निघून चार म्हयने झाले."

"म्हनूनच म्हनायलो. आता घडी बसली."

सूर्यभान उंबऱ्यात बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "सरपंच, आठची गाडी हुकली तर दुसरी दुपारून हाय. अकराला पोचाय पाहिजे. आमचं आमी जाऊ. तुमाला तसदी नको."

"आरं, तुमचं तुमी गेलात तर त्याला लोकसहभाग म्हनत न्हाईत. ती घरगुती बाब झाली. सायबाम्होरं गावाचं नाक जाईल की."

"मला नोकरी पाहिजे, सरपंच. नाकाचं काय करू?"

"नोकरी बी तुलाच मिळंल आन् नाक बी गावाचं ऱ्हाईल. आठच्या आत फाट्यावर पोचवायची जिम्मेदारी माझी. लय बोलू नगंस."

सरजाबाईने मुलाकडे पाहिले. मुलाने आईच्या मनगटाकडे पाहिले. दोघेही काही बोलले नाहीत, आणि समितीने त्याची नोंद 'लाभार्थीची संमती' अशी केली. सेवा चालू असताना खासगी उचलणारे आसपास दिसले तर सेवेवरचा अविश्वास प्रकट होतो, म्हणून वाड्यातल्या पोरांना सोमवारी उजाडतानाच पाझर तलावाच्या कामावर पाठवण्याची तजवीज दत्तरावांनी मुकादमाकडून करून घेतली. रोजगार मिळवून देणे हेही समाजकार्यच आहे.

आता प्रश्न उचलण्याच्या पद्धतीचा उरला. रविवारी त्यावर बैठक झाली. खांदेकरी चार: पुढे भुजंग आणि आश्रुबा, मागे सटवाजी आणि त्याचा भाऊ.

"उचलाय माझं काय न्हाई," भुजंग म्हणाला, "पर घरी माय हाय."

"माझी बायकू," आश्रुबा म्हणाला. "ती चुलीम्होरं येऊ देयाची न्हाई."

असे दिसून आले की चौघांपैकी एकाचाही विरोध नव्हता. विरोध फक्त त्यांच्या घरी होता, आणि घरच्या बायकांना विचारले असते तर तो बहुधा शेजारी निघाला असता. आमच्या गावात असा शोध घेत गेले की विरोध नेहमी एक घर पुढे सापडतो. अशा रीतीने संपूर्ण गाव निर्दोष आहे.

तांत्रिक सल्लागारांनी कोंडी फोडली. त्यांनी सातवीचे विज्ञानाचे पुस्तक आणले आणि लाकूड हे दुर्वाहक आहे, हे वाक्य बोट ठेवून सर्वांना दाखवले. लाकडातून वीज जात नाही. जे विजेला जमत नाही ते इतर कशाला जमेल? हा युक्तिवाद सर्वांना एकदम पटला. विज्ञानाचा असा रोकडा उपयोग मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. फक्त सटवाजीने शंका काढली की लाकूड ओले असले तर काय. पुस्तक याबाबत मूक असल्यामुळे उचलायच्या दांड्यांना जवसाचे तेल पाजण्याचे ठरले.

शाळेतली एक हातांची खुर्ची मध्ये घेऊन तिच्या दोन्ही बाजूंना एकेक वेळू बांधण्यात आला. वेळू किती लांब असावेत यावर आबासाहेबांनी "जेवढे हायत तेवढे ऱ्हाऊ द्या, कापू नका," एवढेच मत दिले. अशा रीतीने खुर्चीच्या पुढे नऊ फूट आणि मागे नऊ फूट दांडी निघाली. पुढच्या खांदेकऱ्याने मागे वळून पाहिले तरी खुर्चीतल्या माणसाचा चेहरा त्याला ओळखू येऊ नये, इतकी ही रचना सुटसुटीत होती. रंगीत तालीम गावाबाहेरच्या मोकळ्या खळ्यावर, खुर्चीत ज्वारीचे पोते ठेवून झाली. पोते डुगडुगले नाही, आणि त्याची काही तक्रारही आली नाही.

सोमवारी सात वाजता लिंबाखाली सरजाबाईने मुलाला एका हाताने कमरेशी आवळून खुर्चीत बसवले. दाखल्यांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि बाजूला झाली. खुर्ची मात्र जागची हलली नाही, कारण साहेब आले नव्हते. साहेब नसताना उचलणे म्हणजे नुसतेच उचलणे. सूर्यभान रस्त्याकडे पाहत होता. सरजाबाई म्हणाली, "मी नाल्यानं म्होरं जाते, गाडी आली तर धरून ठिवते," आणि गेली. गावाच्या मुख्य गल्लीतून जाण्याची तिला सवय नव्हती.

साडेसात उलटून गेल्यावर जीप आली. साहेब वयाने तरुण, बोलायला मऊ होते. उशिराबद्दल त्यांनी रस्त्याला दोष दिला. जीप चौकात उभी राहिली असल्यामुळे आणि चौक मुख्य गल्लीत असल्यामुळे क्रमांक चारला नाल्याच्या सरळ वाटेने न नेता मुख्य गल्लीने न्यावे लागणार होते. सूर्यभानला असा मान त्या गावात प्रथमच मिळत होता.

चौघांनी खुर्ची उचलली. ते दृश्य मी विसरणार नाही. वेळूंच्या मध्यावर, माणसांपासून सारख्याच अंतरावर, पांढऱ्या सदऱ्यातला तो तरुण कोवळ्या उन्हात तरंगत चालला होता. सूर्य त्याच्या पाठीशी होता. काळ्या ओल्या मातीवर त्याची सावली त्याच्यापुढे निघाली होती, आणि ती त्याच्यापेक्षा कितीतरी मोकळेपणाने गावात शिरत होती. दारादारांत लोक उभे राहिले. साहेबांनी छायाचित्र घेतले. दत्तराव साहेबांच्या कानाशी म्हणाले, "सरजाबाईंचा मुलगा. आपलाच म्हनायचा."

मारुतीच्या देवळापाशी गल्ली काटकोनात वळते.

खळ्यावर वळण नव्हते. ज्वारीच्या पोत्याला सरळ जायचे होते. भुजंग आणि आश्रुबा कोपऱ्यावरून वळले, तोच त्यांच्या दांड्यांची टोके दत्तरावांच्या घराच्या भिंतीत जाऊन रुतली. मागे सटवाजी आणि त्याचा भाऊ पिठाच्या गिरणीच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. गुरुजींनी जागच्या जागी भूमितीने सिद्ध केले की दांड्या प्रत्येक टोकाला चार चार फुटांनी आखूड असत्या तर वळण सहज निघाले असते.

"खाली ठेवा," सूर्यभान म्हणाला.

"कुठं ठिवू?" भुजंगाने मान न वळवता विचारले. "हिकडं देवळाची पायरी, तिकडं मालकाचा ओटा."

"मधी नाली हाय," आश्रुबा म्हणाला.

"नालीत ठेवा."

"सायबाम्होरं नालीत?" दत्तराव म्हणाले. "गावाला काय म्हनतील?"

"नाही नाही, घाई करू नका," साहेब म्हणाले. "उत्तम चाललं आहे."

अशा रीतीने सूर्यभान हवेतच राहिला. पायरी देवाची, ओटा सरपंचांचा, गिरणी गिरणीवाल्याची. त्या कोपऱ्यावर हवा तेवढी सामायिक मालकीची होती. ओट्यावर बसलेल्या आबासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि सौम्यपणे सुचवले, "सावली तेवढी सांभाळा रं." तेव्हा सर्वांच्या लक्षात आले की खुर्चीची सावली सरकत देवळाच्या खालच्या पायरीपर्यंत आली आहे. खुर्ची थोडी वर उचलावी असे कोणी म्हटले. गुरुजींनी प्रकाशाचे नियम सांगून दाखवून दिले की वर उचलल्यास सावली आणखी पुढे, थेट गाभाऱ्याकडे जाईल. मग ती खाली घेण्यात आली. मग तिरपी करण्यात आली. खुर्चीतला माणूस एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने दाखल्यांची पिशवी धरून होता. त्याच्या मताची या टप्प्यावर तांत्रिकदृष्ट्या गरज नव्हती.

फाट्याकडून बसचा भोंगा ऐकू आला.

त्याच वेळी बायनाबाई पाण्याची घागर घेऊन तेथे आली. तिने पुढचे दोघे पाहिले, मागचे दोघे पाहिले, मधला पाहिला. "आरं, दोगांनी काखंत हात घालून उचला की लेकराला," ती म्हणाली. "धा पावलांचं तर वळन हाय. पलीकडं पुन्यांदा बसवा." बायनाबाईला ऐकू येत नाही हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे तिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. तिने घागर खाली ठेवायला जागा शोधली, ती मिळाली नाही, आणि तेवढ्यात दुसरा भोंगा झाला.

सूर्यभानने पिशवीचा बंद गळ्यात अडकवला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकून त्याने अंग पुढे ढकलले आणि तो सरळ नालीत पडला. पडल्याचा आवाज फारसा झाला नाही, कारण नाली भरलेली होती. मग तो हातांवर उठला आणि पाय मागे ओढत गल्लीतून फाट्याकडे निघाला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्याला वाट मिळावी म्हणून गल्लीतल्या प्रत्येक माणसाने तत्परतेने अंग चोरून घेतले. लहान पोरांना आयांनी मागे ओढले, ओट्यांवरचे लोक आणखी आत सरकले. इतकी मोकळी वाट त्या गल्लीत आबासाहेबांनाही कधी मिळालेली नव्हती. मीही भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्या पायांवर चिखलाचे दोन थेंब उडाले, आणि घरी गेल्यावर मी ते धुतले. चिखल हा कोणीही धुतोच.

फाट्यावर काय झाले हे नंतर कळले. सरजाबाई बसच्या पुढे उभी राहिली होती. कंडक्टरने विचारले, "मावशे, पोरगं कुठवर आलंय?"

"गावात हाय. सगळं गाव उचलून आनायलंय बाबा त्याला."

"सगळं गाव? मग आलंच म्हना," कंडक्टर म्हणाला. त्याने एक बिडी ओढून होईपर्यंत वाट पाहिली. एका माणसाला अख्खे गाव उचलून आणत असताना एवढा वेळ लागेल, हे त्याला खरे वाटेना. त्याने घंटी दिली. सरजाबाई बाजूला होईना, तेव्हा तिला दोन उतारूंनी हाताला धरून बाजूला केले. तिला धरताना त्यांनी मनगट सोडून धरले, असे ती पुढे सांगत असे. माणसे वाईट नव्हती.

इकडे साहेबांनी पोहे खाल्ले. आपली जीप जिंतूरलाच परत जाते, हे त्यांच्या लक्षात नव्हते असे नाही. त्यांनी स्वतःहून तो विषय काढला आणि शासकीय वाहनात लाभार्थीस बसवण्याची तरतूद नसल्याबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. परतताना फाट्याच्या अलीकडे त्यांना सूर्यभान दिसला. तेथे त्यांनी जीपचा वेग मुद्दाम कमी करवला, चिखल त्याच्या अंगावर उडू नये म्हणून. संवेदनशील अधिकारी असा असतो.

दुपारी खडीच्या एका ट्रकने मायलेकांना जिंतूरला सोडले. तोवर पुकारा होऊन गेला होता आणि सूर्यभानच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहून झाले होते. निवड झालेल्या उमेदवाराला डाव्या करंगळीचे एक पेर नव्हते. त्याच्या पात्रतेविषयी वाद नाही. तो वेळेवर आला होता.

साहेबांचा अहवाल आमच्या अपेक्षेपेक्षाही अनुकूल निघाला. उपकरण कल्पक, गल्ली अरुंद, लोकसहभाग अभूतपूर्व. कोपऱ्यावर त्या वेळी जे जे उभे होते त्या सर्वांना त्यांनी सहभागी धरले होते, आणि ते योग्यच होते. कोणीही तेथून हलले नव्हते. दिवाळीनंतर परभणीच्या मंडपात गौरव ठरला. समारंभात सूर्यभान खुर्चीत बसलेला असावा असे पत्रात सुचवले होते, म्हणून दत्तराव पुन्हा लिंबापर्यंत गेले.

"काय बी करायचं न्हाई, सूर्यभान. फकस्त बसायचं. वर पंखा ऱ्हाईल."

सूर्यभान ज्वारी निवडत होता. तो म्हणाला, "मोकळीच न्या, सरपंच. तिला अजून माझी सवय न्हाई लागली."

खुर्ची मोकळीच नेली. ती ट्रकमध्ये मावेना, म्हणून दांड्या दोन्ही टोकांना चार चार फूट कापाव्या लागल्या. मंडपात तिला हार घातला, दत्तरावांना शाल मिळाली, आणि टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या. सध्या खुर्ची चावडीत आहे. बाहेरगावचे लोक ती पाहायला येतात तेव्हा मी त्यांना तिची माहिती सांगतो.

सूर्यभान आणि सरजाबाई त्याच हिवाळ्यात गाव सोडून परभणीला गेले. तेथे कचेऱ्यांच्या रस्त्यावर एका भिंतीच्या कडेला बसून तो लोकांचे अर्ज लिहून देतो. गुडघ्यांना आणि तळहातांना ट्रकच्या टायरचे तुकडे बांधून, दोन हात आणि दोन गुडघ्यांवर, तो सकाळी रस्ता ओलांडून येतो आणि संध्याकाळी ओलांडून जातो. वाहने थांबत नाहीत म्हणून दोन्ही वेळा तो बराच काळ कडेला थांबून राहतो.

तुम्ही त्याला पाहिलेले आहे. कचेरीत काही काम निघाले असेल, तेव्हा. तुम्हांला वाईटही वाटले होते. तुम्ही संवेदनशील आहात, एरवी असल्या विषयावरचा मजकूर इतका वेळ वाचत बसला नसता. क्षणभर तुमचा हात पुढे जाण्याच्या बेतात होता. परंतु हातात पिशवी होती, साहेब जेवायला उठण्याच्या आत पोहोचायचे होते, आणि एवढ्या मोठ्या जिल्ह्यात अशा लोकांसाठी कोणीतरी काहीतरी करतच असेल, एखादी समिती असेलच, हा विचार तुम्हांला अगदी वेळेवर सुचला. तो बरोबर होता. चिटणीस या नात्याने मी आपणांस लेखी कळवतो की समिती आहे, तिचे काम उत्तम चालले आहे, आणि तुम्ही थांबण्याचे काही कारण नाही.